बियाण्याचं रान

झरी गावाच्या अलीकडे, ओढ्याला लागून आमचं एक रान होतं. गावात त्याला बियाण्याचं रान म्हणत. जमीन काळी आणि खोल होती. निजामाच्या राज्यातल्या शेती खात्याने ते रान कापसाच्या बियाण्यासाठी ठरवून दिलं होतं. तिथला कापूस वेगळा वेचायचा, परभणीच्या जिनात वेगळा नेऊन त्याची सरकी काढायची आणि ती सरकी मृगाच्या आधी आसपासच्या गावांना पेरायला द्यायची, अशी रीत होती. पेडगावपर्यंतचे शेतकरी ते बी नेत.

आमच्या भागातला कापूस गावरानी. त्याचं फूल पिवळं, धागा लांब आणि मऊ. हद्दीपलीकडे, इंग्रजांच्या वऱ्हाडात, पांढऱ्या फुलाचाही कापूस पेरत. त्याला रुई जास्त निघे, पण धागा आखूड आणि जाडाभरडा. दोन्ही एकत्र झाले की गावरानी कापसाचं नाव जाई. म्हणून बाहेरचा कापूस आणि बाहेरची सरकी आत आणायला राज्याने मनाई केली होती. या मनाईत शेतकऱ्याचं हित किती होतं आणि व्यापाऱ्याचं किती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही नेमकं सांगता येणार नाही. हेच सरकार लेव्हीच्या नावाखाली घरातली ज्वारी उचलून नेई, तेव्हा दारात उभं राहून बघण्यापलीकडे कुणाला काही करता येत नसे. कापसाच्या बाबतीत मात्र वडिलांना सरकारचा हुकूम पटला होता.

भादव्यापासून त्यांचा दिवस त्या रानात उगवे. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी रंग बदलून मिटतं, त्यामुळे पाहायचं ते सकाळीच. ते एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत. कुठे पांढरं फूल दिसलं की ते झाड मुळासकट उपटायचं, बांधाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. बहुतेक वर्षी असं झाड सापडतच नसे. घरातही तोच नियम होता. त्या रानाची सोडून दुसरी सरकी घरात आणायची नाही, म्हशीच्या खाण्यासाठीसुद्धा नाही.

तपासणीला खात्याचे मुंशी परभणीहून टांग्याने येत. उंच, दमेकरी माणूस. बोलत दखनी, ऐकत मराठी. रान बघण्याआधी ते गोठ्यात डोकावत.

"क्या पटेल, भैंस क्या खाती तुमारी?"

"आमच्यापरीस चांगलं खाती, मुंशीजी. तिलाच विचारा की."

"पूछता. वो झूट नै बोलती."

मग ते खाली वाकून गव्हाणीत हात फिरवत, सापडलेली सरकी दोन बोटांत धरून उजेडात पाहत. रानातून परत आले की माय त्यांना ताक देई. रान पास झालं, असं ते तोंडाने कधी म्हणत नसत. ताकाचा पेला रिकामा करून "अच्छा है" म्हणत. त्या दोन शब्दांवर वडिलांचं वर्ष उभं असे.

माझी मोठी बहीण, अक्का, वऱ्हाडात दिली होती. ती माहेरी यायची ती हिंगोलीकडून, आणि हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर तिचं सामान उघडलं जाई. करोडगिरी म्हणजे राज्याचं जकात खातं. एका वर्षी शिपायाने तिची उशी उसवून आतला कापूस चाचपला होता, एखादी सरकी राहून गेली असेल म्हणून. ती घरी आली ती संतापूनच.

"मी काय चोर हाय, आबा? साऱ्या लोकांसमोर उशी फाडली माझी."

"चोर कामून म्हनतील? त्याचं काम हाय ते. उशीत सरकी निघाली असती तर मीच फेकली असती."

"म्हंजी तुमी त्याच्याच बाजूचे."

"कापसाच्या बाजूचा हाय मी."

ती हसली नाही. मायने त्याच दिवशी उशी पुन्हा शिवली, पण अक्काचा राग गेला नाही. सासरहून काही घेऊन यावं असं प्रत्येक मुलीला वाटतं. तिला दरवेळी लुगड्यांच्या बोचक्यावरच भागवावं लागे.

अठ्ठेचाळीस सालात आमच्याकडे काय झालं ते पुष्कळांनी लिहिलं आहे. आधी लोक गाव सोडून गेले, नंतर दुसरे लोक गाव सोडून गेले. भादव्यात भारताचं लष्कर आलं आणि राज्य संपलं. त्या वर्षी बियाण्याच्या रानात तपासणी झाली नाही. वडील मात्र रोज सकाळी ओळीतून चालत राहिले.

गावातल्या दुकानदाराला सगळे अप्पा म्हणत. लिंगायत घर होतं, बोलका माणूस. त्यांच्या ओट्यावर वडिलांनी विचारलं, "आता बियाण्याचं काय व्हनार, अप्पा?"

"काय व्हनार? आता समदा मुलूख एक. इथून दिल्लीपस्तोर नाका न्हाई. आजपस्तोर तुमचं बी पेडगावला जायलं, उद्या नागपूरचे लोक दारात उभे राहतील."

"तेवढं पिकंल का माझ्या रानात?"

"मग पिकवा की! का निजामाला इचारून यायचं हाय?"

ओट्यावर हशा पिकला. वडीलही हसले, पण ती गोष्ट त्यांच्या मनात राहिली. मोठ्या मुलखाला शुद्ध बियाण्याची गरज जास्त असणार, असा त्यांचा सरळ तर्क होता. ओढ्यापलीकडचा तुकडाही त्याच कापसाखाली घ्यावा, असं ते मायजवळ बोलू लागले. "आता लांबलांबचे लोक बघतील आपलं रान," असं म्हणत.

संक्रांतीला अक्का आली. बैलगाडीतून उतरली ती पोतं हाताने धरूनच. पोत्यात सरकी होती. आमची म्हैस नुकतीच व्याली होती, हे तिच्या सासऱ्यांना कळलं होतं.

"मामंजींनी दिली. म्हनले, व्यालेल्या म्हशीला घाला. इतकी वर्सं हात हलवत येत व्हते मी."

"नाक्यावर कुनी अडवलं न्हाई?" वडिलांनी विचारलं.

"कोन अडवनार? कुत्रं बसलं व्हतं तेवढं. त्यानंबी वळून बघितलं न्हाई."

जकातीचा हुकूम कागदावर पुढेही काही काळ राहिला, असं मी नंतर वाचलं. पण त्या हिवाळ्यात अक्काचं सामान कुणी उघडलं नव्हतं. मायने वडिलांकडे पाहिलं. लेकीच्या सासरहून आलेलं हे पहिलं देणं होतं. ते परत पाठवलं असतं तर दोन घरांत कायमची अढी बसली असती, आणि गाडीवान ते बघत उभा होता. वडिलांनी पोतं स्वतः उतरवून घेतलं. अक्का आत गेल्यावर ते मायला एवढंच म्हणाले, "शिजवून घालत जा. कच्ची एकबी देऊ नको, ती उगवंल."

मायने तसंच केलं. रोज संध्याकाळी सरकी चुलीवर शिजे आणि मग म्हशीपुढे जाई. त्यात कधी चूक झाली नाही. चूक दुसरीकडे झाली. पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात होतं, त्याला उंदरांनी भोक पाडलं. सांडलेली कोरडी सरकी रोजच्या झाडलोटीत, शेणाबरोबर, काडीकचऱ्याबरोबर उकिरड्यावर गेली. झाडणारी कधी माय असे, कधी मी. अंधाऱ्या गोठ्यात, शेणामातीत पडलेली सरकी कुणाला दिसणार? दूध वाढलं. अक्काला निरोप गेला, की म्हैस आता दोन्ही वेळा कासांडी भरते.

वैशाखात खत रानात गेलं. उकिरड्याचं खत नेहमीप्रमाणे बियाण्याच्या रानात टाकलं. गाड्यांनी ठिकठिकाणी ढीग घातले, मग ते विसकटले. मृगात पेरणी झाली. पीक इतकं चांगलं उगवलं, की येणारेजाणारे बांधावर थांबत.

भादव्यातल्या पहिल्या फेरीच्या सकाळी वडील ओळीत थांबलेले मी पाहिले. ते चालत नव्हते, वाकतही नव्हते. मी जवळ गेले. त्यांच्यासमोरच्या झाडावर पांढरं फूल होतं. पलीकडे आणखी एक, त्यापुढे तीन-चार. मग बराच पट्टा नुसता पिवळा, आणि पुन्हा पांढरी फुलं. वडिलांनी रानावरून नजर फिरवली. जिथे जिथे खताचा ढीग पडला होता, तिथे तिथे पांढरं दिसत होतं. हे कुठून आलं, ते त्यांना सांगावं लागलं नाही, मलाही नाही.

"अक्काला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या मायलाबी म्हनावं, या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको."

आम्ही उपटायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी झाड धरायचं, ओढायचं, माती झटकायची. पण खालच्या फांद्यांना बोंडं धरली होती, म्हणजे फुलं आधीपासून येत होती आणि मधमाश्या इकडून तिकडे गेल्या होत्या. पिवळ्या फुलाच्या कोणत्या झाडात आता काय मिसळलं आहे, हे डोळ्यांनी ओळखता येणार नव्हतं. वडील तरीही उपटत राहिले. दुपारी मायने भाकरी आणली ती तशीच बांधावर राहिली.

त्यांनी मुंशींना गाठायचं ठरवलं. रानाचा निकाल त्या माणसानेच द्यावा, असं त्यांना वाटत होतं. परभणीला जाऊन आले. मुंशींच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं की नवं सरकार आल्यावर नोकरी गेली, मुलाबाळांना घेऊन हैदराबादेकडे गेले. कुठल्या मोहल्ल्यात, ते कुणाला ठाऊक नव्हतं. खात्याच्या कचेरीत वडिलांनी नव्या साहेबाला निरोप ठेवला.

नवे साहेब पंधरवड्याने आले. परप्रांतातून बदलून आलेला तरुण माणूस होता, नीट पुस्तकी मराठी बोलत होता आणि वागायला सभ्य होता. गोठ्यात गेले नाहीत. बांधावर उभं राहून त्यांनी रान पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम पीक आहे."

"साहेब, रान बाटलं," वडील म्हणाले. "पांढऱ्या फुलाची झाडं निघाली. म्या उपटली, पन भेसळ झाली हाय. यंदा हे बी कुनाला देऊ नका. नापास करा."

"नापास कशाला? चांगला कापूस आहे. जिनात घाला, विका."

"विकीन की. पन बियाण्याला नापास लिहा."

साहेबांना त्यांचं म्हणणं उमगायला थोडा वेळ लागला. मग ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. फाळणीत चांगल्या कापसाचा मोठा मुलूख पलीकडे गेला. देशाच्या गिरण्यांना कापूस पुरत नाही, माणसांना धान्य पुरत नाही. कोणत्या जिल्ह्यात काय पेरायचं, कोणतं बी वाटायचं, हे आता सगळ्या देशाचा विचार करून ठरेल. संस्थानांचे जुने वेगवेगळे नियम फार दिवस राहणार नाहीत. बी बाहेरूनही येईल, कदाचित याहून चांगलं येईल.

"मंग हे रान?"

"तुमचंच आहे. हवं ते पेरा. आता कुणाची बंदी नाही."

"तपासायला कोन येईल?"

"तशी गरज पडेल असं वाटत नाही."

त्यांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. मी पुढे याच विषयावरची पुष्कळ कागदपत्रं वाचली. देशात खरोखरच कापसाची आणि धान्याची टंचाई होती, आणि एवढ्या मोठ्या गरजेपुढे ओढ्याकाठचं एक रान कुणाच्या नजरेत भरण्याजोगं नव्हतं. ज्या नियमासाठी बहिणीची उशी फाडली गेली, तो कुणी रागाने मोडला नाही. राखणारा गेला आणि नव्या माणसाला तो राखायचं कारण उरलं नाही, इतकंच. साहेबांनी मायने दिलेलं ताक घेतलं, चांगलं आहे म्हणाले आणि गेले.

त्या दिवसानंतर वडील सकाळचे रानात जायचे थांबले. उपटायची राहिलेली पांढऱ्या फुलाची झाडं तशीच वाढली. अप्पांनी एकदा ओट्यावरून हाक मारली, "काय पाटील, नागपूरवाले आले का न्हाई?" वडिलांनी हात वर केला आणि पुढे गेले. ओढ्यापलीकडच्या तुकड्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दिवाळीला अक्का आली तेव्हा वेचणी सुरू झाली होती. पहिल्या वेचणीला बायका बांधावर दहीभात ठेवतात. या वेळी तो अक्काने ठेवला आणि वेचलेला कापूस ठेवायला पदराचा ओटा कमरेला खोचून ती आमच्याबरोबर ओळीत शिरली. वडील बांधावर बसले होते. थोडं पुढे गेल्यावर अक्का थबकली. एका झाडाचं बोंड तिने उघडून पाहिलं, कापूस बोटांत ओढला, मग पानं उलटून पाहिली.

"आबा!" ती ओरडली. "अवं, हे तर आमच्याकडलं झाड हाय! सासरचं! बघा ना, कसं लदबदलंय!"

मायने मान खाली घातली. मी वेचत राहिले.

"हाय का?" वडील म्हणाले.

"तर काय! मी वळखीन न्हाई व्हय? इकडं कसं आलं?"

"आलं असंल. वाऱ्यावर."

"बगा, कसं मानवलं तुमच्या मातीला." तिच्या तोंडावर इतका आनंद होता, की मला तिच्याकडे पाहवेना. "मामंजींना सांगते. लय खूश व्हतील."

"सांग," वडील म्हणाले.

थोड्या वेळाने मायने त्यांना विचारलं, त्या झाडांचा कापूस वेगळा बांधायचा का. वडील म्हणाले, "कामून? एकाच गाठोड्यात घाला." अक्काने आपला ओटा आमच्या ढिगावर रिकामा केला आणि दुसरी ओळ धरली.

पुढच्या मृगात वडिलांनी त्या रानात कापूस पेरला नाही. ज्वारी पेरली.