बाईंनी हातात दिलेली उघडी चिठ्ठी

मनाच्या दोन डॉक्टरांना मी एकाच वेळी फसवत होते.
त्यांतल्या बाई आज सकाळी गेल्या. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण झालेलं. झोप उडालेली, आणि बाळाला हात लावायचीच भीती.
सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणायचे) मला आणि बाळाला घेऊन राहुरीहून एसटीनं नगरला यायच्या.

एका गल्लीत डॉक्टर. ते गोळ्या द्यायचे.
पुढच्या गल्लीत बाई. त्या नुसत्या बोलायच्या आणि ऐकायच्या.

एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा सासूबाईंचा हुकूम.
"पाव्हण्यांवानी हाय ते. एकाकडं जेवलो म्हनलं की दुसरा रुसतो!"
डॉक्टरांच्या दारावरून बाईंकडे जाताना त्या तोंडावर पदर ओढायच्या. बाळाच्यासुद्धा!

एकदा बाईंकडे मी लागोपाठ तीन तांबे पाणी प्यायले. हात थरथरत होते.
"कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"
"छ्या, न्हाई बा," सासूबाई.
बाईंनी त्यांना बाळ घेऊन बाहेर ओट्यावर बसवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.
मी गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरांना कळवू का? तुम्ही हो म्हणालात तरच."
लग्न झाल्यापासून मला कुणी असं विचारलंच नव्हतं.

पण एक अडचण होती. विहिरीजवळून जाताना बाळ हातून सुटलं तर, हे सारखं मनात यायचं. ते फक्त बाईंना ठाऊक. घरी कळतं तर बाळ ठेवून घेऊन मला कायमची माहेरी धाडली असती.
(मुलाला विचारूनच हे लिहितेय. "टाक गं आई" म्हणाला.)

"विहिरीचंही लिहिणार?"
"डॉक्टरांना कळलं तर औषध नीट देता येईल. पण ठरवायचं तुम्ही."

"लिहा. पण आत्याबाईंना कळू देऊ नका."
"ते आपल्या तिघांतच राहील."

लिहिलेली चिठ्ठी त्यांनी उघडीच माझ्या हातात दिली. "वाचा. पटली तर द्या, नाहीतर फाडून टाका."
चौथी शिकलेली मी. अक्षर अक्षर लावत वाचली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तरी तीनदा डोकावल्या.

डॉक्टरांसमोर सासूबाईंनी हातच जोडले. "डाक्टर, चुकलं. आमी तिकडं बी जातो."
डॉक्टर चिठ्ठी वाचून हसले. "जाच, आजी. माणसाला बोलतं करणं बाईंना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. गोळ्यांचं मी बघतो. फक्त आम्हाला एकमेकांचं ठाऊक हवं."
डोस बदलला. बाईंना उत्तर लिहिलं, तेही आधी मलाच वाचायला दिलं.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणतात, "म्हंजी इतकं दिस उगाच त्वांड झाकलं व्हय गं!"
आम्ही दोघी भर रस्त्यात हसत सुटलो. कितीतरी महिन्यांनी.

दोन-अडीच महिन्यांनी, परतीच्या एसटीत मी म्हणाले, "आत्याबाई, आणा त्याला इकडं."
त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.
राहुरी येईपर्यंत मी ते परत दिलं नाही.

बाई, आनंदानं जा.
तुमची पेशंट मजेत आहे.