कॅमेऱ्यात आलेला हुरडा

गरम हुरड्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. तेव्हा मी लातूरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचो आणि सोबत एमसीए करत होतो. लॅपटॉपपुढं बसलेला माणूस रिकामाच असतो, अशी आमच्या गल्लीची पक्की समजूत; कुणाचं लाईट बिल भरायचं असो की कुणाचा मोबाईल अडलेला असो, सगळे माझ्याकडंच. त्या दुपारी साहेबाच्या हातापाया पडून अर्धी सुट्टी काढली आणि ऑनलाईन परीक्षेला बसलो. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की पेपर बंद, असा नियम. म्हणून आईला दारातच बसवलं होतं. पेपर संपत आला आणि शेजारच्या काकू शेतातून आलेल्या हुरड्याचं ताट घेऊन थेट माझ्या खांद्याशी! "लेकरू सकाळधरनं उपाशी हाय," म्हणत त्या लॅपटॉपमध्ये डोकावल्या. पेपर तिथंच बंद पडला, अख्खं सेमिस्टर गेलं. मी आईवर ओरडलो, "तुला दारात कशाला बसवलं होतं?" आई शांतपणे म्हणाली, "परकं माणूस आत सोडू नको म्हणलास. काकू काय परक्या हाईत का?" आता कंपनीत लॉगिन करणाऱ्यांपैकी कुणाला आत घ्यायचं नि कुणाला अडवायचं, हेच मी सिस्टिमला शिकवतो, काकू मात्र अजूनही दार न वाजवताच आत येतात.