तेतांचं फायूम

आई तीन महिन्यांसाठी जर्मनीत, र्युसेल्सहाइमला माझ्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंच नाही. "कामिलेन टे प्या, दिवसातून तीनदा," एवढंच म्हणाल्या, म्हणजे कॅमोमाइलच्या फुलांचा चहा.

"इतक्या लांब येऊन फुलांचं पाणी प्यायचं?" आई खट्टू झाली.

त्या चहाचा पुडा घेऊन मी जिना चढत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तेता दारात उभ्या होत्या. तेता म्हणजे इजिप्तमध्ये आजी. त्यांची नातवंडं म्हणायची म्हणून माझी मुलगी म्हणायला लागली आणि मग आम्हीही. सत्तरी ओलांडलेली बाई. नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यात होता. त्याच्यामागून त्या चाळीस वर्षांपूर्वी इथे आल्या, आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या.

माझ्या हातातला पुडा बघून त्यांनी नाक मुरडलं. "ही नुसती धूळ आहे. थांब." आतून त्यांनी एक कापडी पिशवी आणली. तिचं तोंड सोडलं तर सगळ्या जिन्यात पिकल्या सफरचंदासारखा वास पसरला. आत वाळलेली बारीक फुलं होती, अजून पिवळीधमक.

"ही आमच्या फायूमची. जर्मन लोक पितात त्यातली कितीतरी आमच्याकडून येते. पण पुड्यावर ते कोण वाचतं?"

घरात येऊन मी आईला हे सांगितलं, तशी ती पोट विसरून उठून बसली. आईने मिरजेजवळच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. "फायूम? नकाशात नाईलच्या डाव्या अंगाला एक हिरवं पान चिकटल्यासारखं दिसतं बघ, तेच ना? फळ्यावर दर वर्षी काढायचे मी ते. आत काय आहे ते मात्र मुलांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ठाऊक नव्हतं. बोलाव त्यांना वर."

मग दुपारच्या बैठका सुरू झाल्या. आई मराठीत विचारायची, मी जर्मनमध्ये सांगायचे, तेतांचं उत्तर पुन्हा मराठीत. आईचे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने असायचे. आधी पाणी, मग पिकं, मग लोकांचे व्यवसाय. तेता हसायच्या, पण मन लावून उत्तरं द्यायच्या.

कालव्यातून नाईलचं पाणी येतं, आणि ते उचलायला मोठाली लाकडी चाकं आहेत, असं त्यांनी सांगितलं.

"बैल किती लागतात?" आईने विचारलं.

"एकही नाही. इंजिनही नाही. पाणीच चाक फिरवतं आणि चाक पाणी वर चढवतं. दिवसरात्र रडल्यासारखा आवाज येतो. तो बंद पडला की आमच्याकडे बायका दचकायच्या."

लहानपणी त्या बहिणीबरोबर फुलं खुडायला जायच्या. उजाडताना शेतात शिरायचं, बोटं फाकवून रोपांमधून कंगव्यासारखी फिरवायची, देठ मागे आणि फूल मुठीत. हंगामभर बोटं पिवळी. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हात धुऊन ये. पण तो रंग जाईल तर ना. त्यांचा भाऊ तिथल्या सरोवरात मासे धरायचा. पाणी खारट होत गेलं, मासे कमी झाले, तशी त्याने जाळी टांगून ठेवली आणि ऑलिव्हच्या बागेत कामाला लागला.

एके दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "आणि वाळवंटात देवमासे आहेत."

"तुझं जर्मन चुकलं," आई मला म्हणाली.

तेतांनी मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. वाळूत एक लांबच लांब पाठीचा कणा पडला होता, मणका न् मणका मोजून घ्यावा असा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. आईने चष्मा लावून तो फोटो मोठा केला. मग हळूच म्हणाली, "अगं, पाय आहेत याला. मागचे. एवढेसे."

पुढे केव्हातरी तिकडच्या जुन्या चित्रांचा विषय निघाला. दोन हजार वर्षांपूर्वी फायूममध्ये माणूस गेला की त्याचा चेहरा लाकडी फळीवर रंगवायचे आणि ममीच्या तोंडावर बसवायचे. त्यातली काही फ्रांकफुर्टच्या संग्रहालयात आहेत म्हणे.

"तुम्ही पाहिलीत?" आईने विचारलं.

"नाही. चाळीस वर्षं ऐकतेय. मेलेल्यांच्या तोंडाकडे एकटीने काय बघायचं?"

"एकटीने कशाला? मी येते."

त्या शनिवारी आम्ही चौघी एसबानच्या लोकलने गेलो. संग्रहालयाच्या त्या खोलीत उजेड मंद होता. काचेमागे एका बाईचा चेहरा होता. गव्हाळ रंग, जाड भुवया, कानात मोत्यांचे डूल, आणि डोळे असे की कुणीतरी हाक मारल्यावर तिने आत्ताच वर पाहिलंय. मुलगी एकदा काचेकडे आणि एकदा तेतांकडे बघत राहिली. तीच जिवणी. भुवयाही त्याच.

तेता काचेजवळ गेल्या आणि अरबीत काहीतरी बोलल्या, जिन्यात शेजारणीशी बोलावं तसं. पहाऱ्यावरच्या बाई पुढे आल्या. मला वाटलं, मागे सरा म्हणणार.

"ही आमच्या जिल्ह्यातली आहे," तेतांनी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं.

त्या बाई थबकल्या. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. मग कोपऱ्यातली आपली खुर्ची उचलून त्यांनी चित्रासमोर आणून ठेवली. तेता बसल्या. आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर तेता म्हणाल्या, "मी अकरा वर्षांत फायूमला गेले नाही. आता कोण ओळखणार, म्हणून."

आई परत गेली, आणि त्या हिवाळ्यात तेताही मुलाबरोबर फायूमला जाऊन आल्या. आल्या त्या उन्हाने रापून. दारातच मला सांगायला लागल्या. गल्ली सगळी बदललेली, नवी सिमेंटची घरं, त्यांना वळणच सापडेना. एका उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता.

"त्याने विचारलं, कुणाची गं तू? मी वडिलांचं नाव सांगितलं. त्याने काठी घेतली, उठला आणि माझ्यापुढे चालायला लागला. थेट बहिणीच्या दारापर्यंत."