दोन तास दहा मिनिटं

दिल्ली ते हैदराबाद, विमानानं दोन तास दहा मिनिटं. मोबाईलवर उघडणाऱ्या माहितीच्या पानावर एवढंच लिहिलेलं असतं. खाली निळ्या नकाशावर एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत सुबक कमान. जणू माणसं विमानतळावरच जन्मतात आणि तिथंच मरतात.

आई नळदुर्गजवळच्या आमच्या गावात वारली, पहाटे. आमच्यात देह जाळत नाहीत, समाधी देतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. बायकांनी तिला भिंतीशी मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, मान सावरायला मागं उशी दिली. धाकटा भाऊ दिल्लीत. फोनवर रडत म्हणाला, "ताई, मी आल्याशिवाय झाकू नका. मला तिचं तोंड बघायचंय." साडेनऊचं विमान त्याला मिळालं.

मी ते पान उघडलं आणि अंगणात जाहीर केलं, "दोनपर्यंत येतोय."

मामांनी उभं आयुष्य हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवला. ते म्हणाले, "पोरी, ते विमान आपल्या वावरात उतरणार हाय का?"

"हैदराबादला, मामा. पावणेबाराला."

"मग पाच धर. न्हाय, सहा. शहरातनं भाईर पडायलाच तास जातो."

"आता रस्ता चौपदरी झालाय."

"व्हय, रस्ता झालाय. तुझा भाऊ पाखरू झालाय का?"

लोक हसले, सुतकातही. मला राग आला. सत्तावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. सरळ रेषेतलं अंतर वेगळं आणि रस्त्यानं वेगळं, हे फळ्यावर दोरा ताणून मुलांना दाखवलं. आणि आईपाशी बसून एका निळ्या कमानीवर विश्वास ठेवला. खोटं ते पान बोललंच नव्हतं. ते फक्त निम्मं बोलत होतं, आणि उरलेलं निम्मं, ज्यात आम्ही राहतो, त्याला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. तरी मी मामांना शिकवायला गेले.

दोन वाजले, तीन वाजले. आईची मान एका बाजूला कलायला लागली. एका बाईनं हनुवटीखालून पांढरं फडकं बांधलं. साडेचारला भावाचा फोन आला, "हुमनाबाद आलंय." म्हणजे अजून दोन तास. समाधी दिवस मावळायच्या आत द्यायची, असं विधी करायला आलेले जंगम सकाळपासून सांगत होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामा एवढंच म्हणाले, "तू सांग."

मी आईकडं पाहिलं. तिला त्या फडक्यानं बांधून आणखी दोन तास बसवायचं, ते मी जाहीर केलेल्या वेळेपायी.

"उचला," मी म्हणाले.

शेतात बेलाची पानं, विभूती, मीठ आणि मग माती पडली.

भाऊ आला तेव्हा उजेड होता. गाडीतून उतरून तो धावतच आला आणि ओल्या मातीपाशी थबकला. "ताई, विमान वेळेवर होतं," म्हणाला. मोबाईलवरचं तिकीट त्यानं माझ्यापुढं धरलं. मी ते पाहिलंही. वेळेवरच होतं.

मामांनी त्याच्या हातात उरलेली बेलाची पानं दिली. ती मातीवर ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "किती वेळ झाला?"

वीस मिनिटं झाली होती.

"बराच," मी म्हणाले.