राजवाड्याच्या बागेतून नेलेली मुलगी

नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे विसरलो, पण राजवाड्याच्या बागेतली ती दुपार मनातून जात नाही. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मी ठाणेदार होतो त्या हद्दीत एक जुना राजवाडा आहे, पुढे बाग आणि मागे तलाव. हिवाळा लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांच्या सहली तिथं येऊन थडकतात. पोरं तटावर चढतात, मास्तर फोटो काढत बसतात आणि घोर लागतो आमच्या जिवाला.

त्या दिवशी जानेफळकडच्या एका शाळेचे गुरुजी धापा टाकत ठाण्यात आले. डबे खाऊन झाल्यावर हजेरी घेतली, तर तिसरीतली एक मुलगी नाही. तिला आई नव्हती. वडिलांना फोन झाला होता, ते गावाहून निघाले होते. माझ्या मनात पहिला विचार तलावाचा आला. दोन शिपाई तिकडे पिटाळले, वायरलेसवर नाकाबंदीचा निरोप दिला आणि स्वतः बागेत गेलो. गुरुजींनी तोवर मुलीचा फोटो मोबाइलवर टाकला होता. बघता बघता कुणीतरी त्याला ‘पोरं पळवणारी टोळी’ अशी ओळ जोडली आणि गाव पेटलं. असले शहाणे भेटले की टाळकंच सटकतं.

बागेच्या दाराशी बोरं विकणाऱ्या बाईनं खबर दिली. “सायेब, एका मान्सानं तिले फटफटीवर बसवून नेलं. पोरगी रडत नोती, हासून राह्यली होती.”

हसत गेलं म्हणजे मूल ओळखीच्या माणसाबरोबर गेलं. पण तेवढ्यानं मला धीर आला नाही. लेकराचा घात बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस करतो, हे मी नोकरीभर पाहिलं होतं.

एवढ्यात चौकातून फोन आला. लोकांनी त्या माणसाला फटफटीसकट धरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा सदरा फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. मुलगी त्याला घट्ट बिलगली होती. जमावातून दोघांना ओढून काढताना माझ्याही पाठीत दोन बुक्क्या बसल्या.

नेहमीच्या पद्धतीनं दोघांना वेगळं बसवलं. त्यानं नाव सांगितलं, गाव अमडापूर सांगितलं. पुढे तोंडच उघडेना.

“पोरगी कोण तुझी? कुठं नेली होती?”

“मले मारा, सायेब. पण पोरीले काई इचारू नका.”

हे ऐकून माझं रक्त उसळलं. असं म्हणणारे हरामखोर मी पाहिले होते. हात उचललाच होता. पण एक गोष्ट डोक्यात बसेना. लोकांनी त्याला धरलं, तेव्हा त्याची फटफटी बागेकडे येत होती. पोर पळवणारा पोराला परत कशाला आणेल?

तेवढ्यात आमची महिला शिपाई दारात आली. “साहेब, जरा इकडे या.”

मुलीच्या डोक्याला थंडीचा स्कार्फ होता, तो ती कुणाला सोडू देत नव्हती. या बाईंनी चहा-बिस्किटं देऊन, गोडीगुलाबीनं सोडला होता. एक कान लालबुंद, हळद लावलेला, त्यात बारीक सोन्याची तार. दुसरा कान मोकळा.

“मामा हाये तो माहा,” मुलगी हुंदके देत म्हणाली. “म्याच बलावलं त्याले, शेजारच्या काकूच्या मोबाइलवरून. समद्या पोरींचे कान टोचले, माहेच राह्यले. बाबा त्याले घरी येऊ देत नाईत.”

आमच्याकडे मुलीचे कान मामाच्या मांडीवर टोचतात. दुसरी मांडी चालत नाही. मामा तिला सोनाराकडे घेऊन गेला होता. एक कान झाला, तोच सोनारानं मोबाइलवर मुलीचा फोटो पाहिला आणि घाबरून दोघांना बाहेर काढलं.

आता मामा बोलला. बहीण आजारात गेली तेव्हा त्यानं स्मशानातच मेहुण्याची कॉलर धरली होती, दवाखान्यात न्यायला उशीर केला म्हणून. तेव्हापासून येणंजाणं बंद. “तिनंच बलावलं असं सांगतलं असतं, त घरी तिले मार बसला असता, सायेब.”

वडील आले ते मामाच्या अंगावरच धावले. मी आवाज चढवून त्यांना खाली बसवलं.

“लिहा माही फिर्याद! याले आत टाका!”

कायदा त्यांच्या बाजूनं होता. बापाला न विचारता मूल नेणं हा गुन्हाच. “लिहितो,” मी म्हणालो, “आधी पोरीला भेटा.”

मुलगी समोर आली. “बाबा, एकच कान झाला. मामाले जेलात टाकलं, त दुसऱ्यासाठी कोनाच्या मांडीवर बसू?”

त्या माणसाची मान खाली गेली. त्यानं तिचा लाल कान हळूच चाचपला. मग म्हणाला, “त्या सोनाराले बलवा, सायेब.”

सोनार तार-सुई घेऊन आला. ठाण्यातल्या बाकावर मामा बसला, मांडीवर मुलगी, आणि तिनं हलू नये म्हणून बापानं तिचं डोकं धरलं. ती किंचाळली, रडला मात्र बाप. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कसली!

गुन्हा कुणी केला हे शोधायला खातं शिकवतं. मोठ्यांच्या भांडणात लेकराचं काय अडलंय हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो. मुलगी सापडल्याची नोंद स्टेशन डायरीला घेतली, दोघांचे जबाब लिहिले. फिर्याद झाली नाही.

जाताना बापानं मेहुण्याकडे न बघताच म्हटलं, “यापुढं तिले भेटाले सहलीची वाट कायले पाह्यतं? घरीच येत जाय.”