सात नंबरचं कासव

“सही करणार आहेस की नाही, तेवढंच सांग. बाकीचं पुराण मला नको.”

“अगं, आधी बस तरी.”

“बसायला नाही आले. तुझी खुर्ची तुलाच लखलाभ.”

“बरं, या कागदात खोटं काय आहे ते दाखव. ‘कामगाराचा पाय पिवळ्या रेषेच्या पलीकडे होता.’ होता की नव्हता?”

“होता. आणि आता तो पाय कुठेच नाही, दादा. रेषेच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.”

ओट्याशी भांडी घासणाऱ्या वहिनीने नळ मोठा सोडला. शेजारची भिंत पातळ होती.

बहीण थेट दवाखान्यातून आली होती. हातातला थर्मास तिने खालीही ठेवला नव्हता. अकरा वाजता गोदामात चौकशी होती आणि आत्ता साडेनऊ झाले होते. टेबलावरचा कागद तिच्या नवऱ्याच्या अपघाताचा. दादाने साक्षीदार म्हणून त्यावर सही केली की चूक जखमी माणसाची ठरणार होती.

दादाला घराबाहेर कुणी दादा म्हणत नसे. गोदामात तो इंजिन. एकोणिसाव्या वर्षी तिथे लागला तेव्हा माल हाताने ओढायच्या गाड्यांवरून हलायचा, आणि हा पठ्ठ्या दोन गाड्या एकीमागे एक बांधून ओढायचा. वळण आलं की तोंडाने शिट्टी घालायचा. असं बावीस वर्षं. फरशी कुठे उचकटलीय, कुठे चाक अडकतं, कुठे आधी खांदा आत घालायचा, सगळं त्याच्या तळपायांना पाठ. बहिणीचं लग्न झालं तसं त्याने मेहुण्यालाही तिथेच चिकटवलं. “गाढवासारखा राबेल,” असं साहेबांना सांगितलं. मेहुणा पुढे कित्येक वर्षं सांगत फिरायचा, “ही शिफारस होती की अपमान, मला अजून कळलेलं नाही.”

मग कासवं आली. खरं नाव रोबो, पण चपटी पाठ आणि पोटाखाली चाकं बघून पहिल्याच दिवशी पोरांनी बारसं उरकलं. मालाच्या थप्पीखाली सरकायचं, थप्पी पाठीवर उचलायची, चालू पडायचं. ती बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीने इंजिनला विचारलं, “काका, जवळचे रस्ते दाखवाल?” त्याने दाखवले. चार दिवस हा पुढे आणि कासव मागे. खांबापाशी वळण मोठं घ्यायचं, नाहीतर माल कलतो, हेही त्यानेच सांगितलं. प्लास्टिक गुंडाळण्याच्या जागेवरून मेहुणा ओरडला, “इंजिन, डबे हुशार आहेत हो तुमचे!”

महिना संपता संपता गाड्या ओढणारे तीस जण घरी गेले. इंजिनला ठेवलं. कासवं पुसायची, चार्जिंगला लावायची, चाकात गुंतलेलं प्लास्टिक काढायचं. त्या तिसांतला एक जण पुढे बसथांब्यावर भेटला, तेव्हा इंजिनने हात वर केला. त्या माणसाने तोंड फिरवून बसचा नंबर वाचायला घेतला. बस आलीच नव्हती.

कासवाला पुढच्या बाजूला दोन डोळे. वरचा उभा माणूस बघतो, खालचा जमिनीलगतचं बघतो. थप्पीच्या प्लास्टिकची शेपटी कुठे लोंबली की खालच्या डोळ्याला वाटे, कुणीतरी आडवं आलं. कासव थांबे. त्याच्यामागे आणखी चार थांबत. भिंतीवरचा पडदा लाल होई, सुपरवायझर त्याहून लाल होई आणि इंजिनच्या नावाने शंख करी. एकदा इंजिन वैतागला. सात नंबरच्या खालच्या डोळ्यावर त्याने बोटभर काळी चिकटपट्टी लावली. सात नंबर दिवसभर कुठे अडलं नाही. आठवडा संपेतो सहा कासवांना पट्ट्या लागल्या. सुपरवायझरने वाकून बघितलं, सरळ झाला, म्हणाला, “मला काही दिसलं नाही बरं का. काम मात्र झकास चाललंय.”

मंगळवारी दुपारी मेहुणा थप्पीमागे गुडघ्यावर बसून तळाचं प्लास्टिक कापत होता. अंग थप्पीच्या आड, एक पाय मागे, पिवळ्या रेषेपलीकडे कासवांच्या वाटेत पसरलेला. नऊशे किलो पाठीवर घेऊन सात नंबर आलं. खांबापाशी त्याने वळण मोठं घेतलं, अगदी शिकवल्यासारखं.

“मी सही नाही केली तर विचारतील, मग चूक कुणाची? काय सांगू?” इंजिन म्हणाला.

“जे झालं ते सांग.”

“यंत्राने बघितलं नाही, हे झालं.”

“का नाही बघितलं?”

“मला काय माहीत? इंजिनिअरला विचार.”

“वन्सं, चहा टाकते हं,” वहिनी मध्येच म्हणाली.

“नको, वहिनी. दादा, तो शुद्धीवर होता.”

“कोण?”

“ज्याला गाढव म्हणून नेलंस, तो. पालथा पडला होता, कासव पायावर. तुला हाका मारत होता. इंजिन म्हणून नाही, दादा म्हणून. तू धावत आलास. त्याला वाटलं, आता सोडवेल. तू आधी कासवासमोर बसलास. नखाने काहीतरी खरवडलंस, खिशात घातलंस, आणि मग त्याच्याकडे वळलास.”

नळ बंद झाला.

“मी ते बंद करत होतो,” इंजिन म्हणाला.

“बंद करायचं बटण मागच्या बाजूला असतं. त्यानेच सांगितलं मला.”

इंजिनने उजवा अंगठा मुठीत धरला. पट्टी पहिल्या ओढीला अर्धीच आली होती. उरलेली नखात भरत होती, निघत नव्हती.

“तो आकडे मोजत होता म्हणे,” बहीण म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “मोजलं की कळ सोसवते म्हणून. एकोणीसपर्यंत मोजून झालं, तेव्हा तू वळलास.”

“अहो?” वहिनी एवढंच म्हणाली. तिच्या हातातल्या ताटलीवरून फेस ओघळत होता.

बहीण टेबलाजवळ आली. कागदावरचं पेन तिने उचलून बाजूला ठेवलं. “फाड तो कागद. अकरा वाजता जाऊन पट्टी सांग, सुपरवायझर सांग, सगळं सांग. नोकरी जाईल, जाऊ दे. मी स्वतः तुला त्याच्यासमोर नेईन. तो शिव्या देईल, खाऊन घे. पण मग तू माझा दादा राहशील.”

इंजिनने कागद स्वतःकडे ओढला. दोनदा त्याचे ओठ हलले. वहिनी एक पाऊल पुढे आली. तिला वाटलं, आता बोलेल.

“त्याने हे,” तो म्हणाला, “अजून कुणाकुणाला सांगितलंय?”

बहिणीने त्याच्याकडे बघितलं, अगदी नीट, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग तिने थर्मास काखेत धरला आणि दाराशी जाऊन चपला चढवल्या. एक उलटी पडली होती, ती पायानेच सरळ केली. जिन्यावर तिची पावलं वाजत खाली गेली.