बाजारात बसणाऱ्या अक्का

“भ्यास कसाले? बस.” अक्का आधी हे म्हणायच्या आणि मग नाव विचारायच्या. मी फैजपूरकडचा, त्यांची अहिराणी मला अर्धीमुर्धीच कळायची. पण एवढं कळायचं, की घाबरू नको म्हणताहेत.

चाळीसगावच्या एका कॉलेजात फी-माफीचे अर्ज घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. कॉलेजची खिडकी तुम्ही पाहिलीच असेल. वाकल्याशिवाय आतला माणूस दिसत नाही आणि वाकलं की काय बोलायचं तेच आठवत नाही. बाजाराच्या दिवशी अक्का ती खिडकी सोडून, हमालाच्या डोक्यावर टेबल देऊन थेट मिरचीबाजारात येत. त्या दिवशी खेड्यातले बाप बाजाराला येतात आणि तलाठी शेजारच्या तहसीलला. एरवी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पोरं तलाठ्यामागे गावोगाव हिंडत आणि तेवढ्यात मुदत निघून जाई. इथं अक्का तलाठ्याला टपरीवरूनच ओढून आणत. “नाना, आधी सही, मग चहा!”

एकदा हेडक्लार्क तिथंच येऊन थडकले. “बाई, कॉलेजचा शिक्का बाजारात?”

“शिक्का इथं, मी इथं, पोरं इथं. तिकडे राहिलं काय साहेब, पंखा?”

मिरचीवाले खो खो हसले. हेडक्लार्क हसले नाहीत.

मी तिथंच एका आडत्याकडे पोती उचलायचो. वडील गेले तेव्हा आठवीतच माझी शाळा सुटली होती. धाकटी बहीण सुमन माझ्याजवळ राहून कॉलेजात जायची. फी माफ झाली नाही तर तिचंही शिक्षण तिथंच थांबणार होतं. टेबल माझ्या डोळ्यांसमोर, पण पाय काही उचलेना. शेवटी अक्कांनीच हाक मारली. “सुमनचा भाऊ ना तू? ये!”

पालक मीच, म्हणून माझ्या मालकाकडून माझ्या पगाराचा दाखला हवा होता. मालक म्हणाला, “मी असलं काही लिहून देत नाही. उद्या कोणी चौकशीला आलं म्हणजे?”

“जाऊ द्या अक्का,” मी म्हटलं. दाखल्यापायी माझं कामही जायचं.

अक्का दुकानात शिरल्या आणि लाल मिरचीच्या पोत्यावर बसल्या. लगेच शिंका सुरू. गिऱ्हाइकं थबकून बघू लागली.

“अक्का, बाहेर बसा. त्रास होईल,” मालक म्हणाला.

“होऊ दे. तू लिखी दे भाऊ. तोपावत मी आठेच शे.”

नाक लाल, डोळ्यांतून धारा, पण लिहून मिळेपर्यंत बाई तिथून हलेनात. मालकानं लिहून दिलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, “कुठून आणली रे ही बाई?” कामावरून मात्र काढलं नाही. एवढ्या गिऱ्हाइकांदेखत काढणार तरी कसा?

सुमनची फी माफ झाली. त्या दिवशी मी अक्कांच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनी मला दुसऱ्या एका पोराच्या बापाला शोधायला पिटाळलं.

फी-माफी दर वर्षी नव्यानं मागावी लागे. पुढच्या वर्षीचे अर्ज निघायच्या आतच अक्कांची बदली संस्थेच्या धुळ्याच्या कॉलेजात झाली. बाजारात शिक्का नेल्याची शिक्षाच ती. एसटी स्टँडवर माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “मी चालनी. बाजार तर आठेच शे ना?” एवढी अहिराणी मला कळली: त्या गेल्या तरी बाजार इथंच होता.

अर्ज निघाले. बाजाराच्या दिवशी त्या जागेवर बाप आले, सुमनसकट पोरं आली, तलाठीही आले. टेबल आलं नाही. तलाठ्यांना आम्ही टपरीवर बसवून ठेवलं. मग भाजीच्या पिशव्या घेऊन सगळेच्या सगळे कॉलेजात गेलो. खिडकीत हेडक्लार्क बसले होते. बाप एकमेकांच्या मागे सरकले. मी पुढे होऊन खिडकीशी वाकलो.

“साहेब, शिक्का घेऊन बाहेर या,” मी म्हणालो. “तलाठी बाजारात थांबलेत. आमची पोरं शिकायची आहेत.”

सुमननं चमकून माझ्याकडे पाहिलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.